पन्नास हर्ट्झचा भाव

१ जुलै २००२ पासून पश्चिम भारतातल्या राज्य वीज मंडळांना एक जगावेगळं दरपत्रक लागू झालं. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर तिचा दर काय, हे एका आकड्यावर अवलंबून होतं : ज्या पंधरा मिनिटांत ती ओढली, त्या वेळात ग्रिडची, म्हणजे वीजकेंद्रं आणि तारांच्या जोडलेल्या जाळ्याची, सरासरी फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) किती राहिली? ती ५०.५ हर्ट्झ किंवा त्याहून अधिक असेल, तर जादा वीज फुकट. तिथून खाली दर ०.०२ हर्ट्झमागे भाव ५.६ पैशांनी चढायचा. ५० हर्ट्झला युनिटमागे साधारण १ रुपया ४० पैसे आणि ४९.०२ च्या खाली गेलं की थेट ४ रुपये २० पैसे.

वस्तूचा भाव मोजपट्टीवर वाचायचा, ही कल्पना विचित्र वाटते. पण विजेच्या बाबतीत ती विलक्षण अचूक होती.

औष्णिक केंद्रातलं बहुतेक प्रत्येक टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. त्याच्या जनित्रातून निघणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी म्हणून ५० हर्ट्झ. एका ग्रिडला जोडलेली अशी सगळी यंत्रं विजेमुळे एकमेकांशी बांधलेली असतात. चंद्रपूरच्या केंद्रातलं एक जोरात आणि छत्तीसगडमधल्या कोरबाचं एक हळू, असं चालत नाही. आता समजा, लाखो घरांत एकाच वेळी पंखे आणि पंप सुरू झाले. बॉयलरला वाफ वाढवायला वेळ लागतो, पण पंख्यांना वीज तर त्याच क्षणी मिळते. ती येते फिरणाऱ्या शेकडो टन लोखंडाच्या गतीतून. चढ लागल्यावर बैलगाडी मंदावते तशी ती सगळी यंत्रं जराशी मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी उतरते. मागणी घटली की उलट. देशभराचा पुरवठा आणि मागणी यांतली तफावत अशी एका आकड्यात उतरते आणि तो आकडा कुठल्याही सॉकेटवर मोजता येतो.

२००२ पूर्वी हा आकडा आपल्याकडे लाज वाटावी असा होता. संध्याकाळी ४८ च्या आसपास आणि रात्री, मागणी ओसरल्यावर, ५१ च्याही वर. कारण साधं होतं. टंचाईत जादा वीज ओढणाऱ्या राज्याला वेगळा भुर्दंड नव्हता आणि नको असताना जनित्र पूर्ण जोमात चालवणाऱ्याला शिक्षा नव्हती. नव्या दरपत्रकाने हे बदललं. फ्रिक्वेन्सी ४९.२ वर घसरली की जादा युनिटला साडेतीन रुपयांहून अधिक पडायचे. मग ज्या मंडळाकडे दोन रुपयांत वीज बनवणारा संच बंद पडून होता, ते तो चालू करायचं, तेही कुणी फोन न करता. जादा ओढणाऱ्याचे पैसे एका सामायिक खात्यात जमा व्हायचे आणि कमी ओढून इतरांना हात देणाऱ्याला त्यातून मिळायचे. काही महिन्यांतच फ्रिक्वेन्सी ताळ्यावर येऊ लागली. मला विचाराल तर भारतीय अभियंत्यांच्या कल्पकतेचा हा एक उत्तम नमुना आहे, आणि त्याची चर्चा मात्र फारशी कुठे होत नाही.

'ठरल्यापेक्षा जास्त' असं म्हणताना ठरतं कुठे, तेही सांगायला हवं. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग केलेले असतात. प्रत्येक भागात कुठलं केंद्र किती मेगावॅट देणार आणि कुठलं राज्य किती घेणार, याचं वेळापत्रक आदल्या दिवशी बनतं. ते सांभाळतात लोड डिस्पॅच सेंटरं : राज्याचं एक (महाराष्ट्राचं ऐरोलीला), पाच प्रदेशांची पाच (पश्चिमेचं मुंबईत) आणि सर्वांच्या वर दिल्लीतलं राष्ट्रीय केंद्र. बहुतांश वीज आजही पंचवीस-पंचवीस वर्षांच्या करारांवर विकली जाते. जे कमी-जास्त उरतं ते बाजारात येतं. देशातला पहिला वीजबाजार, इंडियन एनर्जी एक्सचेंज, जून २००८ मध्ये सुरू झाला. तिथे उद्याच्या प्रत्येक पंधरा मिनिटांसाठी आज बंद बोली लागते. विकणारे आणि घेणारे आपापले दर आणि मेगावॅट कळवतात, दोन्हींचे आलेख जिथे छेदतात तो सगळ्यांचा भाव. १ जून २०२० पासून दर अर्ध्या तासाला बोली लागणारा बाजारही आहे. दुपारी अचानक ढग आले, अंदाज चुकला, तर त्याच दिवशी वीज विकत घेता येते.

इथवर सगळं कागदावरचं. प्रत्यक्ष पंधरा मिनिटांच्या पोटात काय होईल, हे बाजाराला ठाऊक नसतं. मोठा संच बंद पडला तर पहिल्या काही सेकंदांत वेग सांभाळणारे गव्हर्नर आपोआप वाफेची किंवा पाण्याची झडप उघडतात. त्यानंतर दिल्लीतला संगणक निवडक केंद्रांना दर चार सेकंदांनी संदेश पाठवतो : थोडं वाढवा, थोडं कमी करा. यानेही भागलं नाही आणि फ्रिक्वेन्सी ४९.४ च्या खाली गेली, तर रिले, म्हणजे धोका दिसताच आपोआप वीज तोडणारी उपकरणं, टप्प्याटप्प्याने गावं आणि शहरांचे भाग तोडू लागतात.

तरीही फ्रिक्वेन्सीला सगळं कळतं, असं समजणं महागात पडलं. ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताची ग्रिड कोसळली, तेव्हा काही क्षण आधी आकडा होता ४९.६८. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही प्रदेशांतली वीज गेली, ६० कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशात. त्या आधीची फ्रिक्वेन्सी ४९.८४. म्हणजे एकूण पुरवठा फार कमी नव्हता. तो चुकीच्या जागी होता. पश्चिमेकडे पावसाळ्यात मागणी कमी, उत्तरेत जास्त, मधल्या कित्येक वाहिन्या बंद, आणि सगळा लोंढा बीना-ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर. भार इतका वाढला की रिलेला तो बिघाडच वाटला आणि त्याने वाहिनी तोडली. पुढे एकेक वाहिनी ट्रिप होत गेली. शेवटची ढाल असलेल्या रिलेंनी उत्तरेत पुरेसा भार तोडलाच नाही.

फ्रिक्वेन्सी सगळीकडे एकच असते, त्यामुळे तिच्यावर ठरलेला भावही एकच होता. कुठली तार तापली आहे हे त्याला दिसत नव्हतं. उत्तरेतल्या राज्याला जादा ओढणं परवडत होतं आणि पश्चिमेला कमी ओढून पैसे मिळत होते. दोघांचंही वागणं भावाच्या हिशोबाने बरोबर होतं! २०१४ च्या नियमांनी मग किमतीबरोबर मात्रेलाही लगाम घातला : वेळापत्रकाच्या १२ टक्के किंवा १५० मेगावॅट, यांतलं जे कमी असेल तेवढीच तफावत चालेल. बाजारातही तारांची मर्यादा मोजावी लागते. वाहिनी भरली की देशाचा एक भाव राहत नाही, प्रदेशागणिक भाव फुटतात. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण भारत उरलेल्या देशाशी जोडला गेला आणि देशभर एकच फ्रिक्वेन्सी झाली, तरी पुढेही दक्षिणेतला भाव बऱ्याचदा चढाच राहिला.

५ एप्रिल २०२० च्या रात्री, नऊ मिनिटं दिवे मालवण्याच्या आवाहनामुळे, मागणी अंदाजाच्या दुपटीहून अधिक, ३१,००० मेगावॅटने घटली. ती पेलली मुख्यत्वे जलविद्युतने. आधी पुरेपूर चालवलेले जलसंच काही मिनिटांत १७,५०० मेगावॅटने उतरवले आणि लगेच पुन्हा वर नेले. फ्रिक्वेन्सी ४९.७ ते ५०.२६ च्या बाहेर गेली नाही. कोळशाच्या संचांना ही चपळाई जमत नाही.

सौर पॅनेलपाशी तर फिरणारं लोखंडच नाही. भर दुपारी सौरऊर्जेचा वाटा वाढतो, औष्णिक संच खाली येतात, आणि धक्का बसलाच तर आकडा पूर्वीपेक्षा वेगाने घसरतो. सूर्य मावळताना तीच वीज तासा-दोन तासांत नाहीशी होते, ऐन दिवे लागण्याच्या वेळी. म्हणून २०२२ च्या नियमांनी राखीव क्षमतेला वेगळा मोबदला ठरवला. आता निव्वळ युनिटचे नाही, तर काही सेकंदांत वर-खाली होण्याच्या तयारीचेही पैसे मिळतात. या कामात बॅटऱ्या आणि घाटघरसारखे उदंचन प्रकल्प (मागणी कमी असताना पाणी वर चढवून गरजेच्या वेळी ते खाली सोडणारे) कोळशाला सहज मागे टाकतात. जादा ओढलेल्या विजेचा दर आता बाजारभावाशीही जोडलेला आहे, एकट्या फ्रिक्वेन्सीवर तो ठरत नाही.