बॅटमॅन चित्रत्रयी : नायकाच्या दुखापती आणि मन

क्रिस्टोफर नोलन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५), ‘द डार्क नाइट’ (२००८) आणि ‘द डार्क नाइट राइझेस’ (२०१२) या तीन चित्रपटांत नायक ब्रूस वेनच्या (भूमिका : क्रिश्चन बेल) शारीरिक जखमा आणि मनातील भीती यांची कथा एकत्रच पुढे सरकते. ब्रूसच्या अंगी कोणतीही दैवी शक्ती नाही. तो मार खातो, झिजतो आणि ही झीज एका चित्रपटातून पुढच्या चित्रपटात उतरते, हे या मालिकेचे मोठे बळ आहे.

लहानपणी विहिरीत पडलेल्या ब्रूसच्या अंगावर वटवाघळे झेपावतात. पुढे ऑपेरा पाहताना तशाच आकृती दिसल्याने तो घाबरून बाहेर जाण्याचा हट्ट धरतो आणि बाहेरच्या बोळात एक लुटारू त्याच्या आईवडिलांना गोळ्या घालतो. त्यामुळे त्याच्या भीतीला अपराधीपणाची जोड मिळते. मोठेपणी गुन्हेगारांशी लढताना तो घालतो तो वटवाघळासारखा बॅटमॅनचा वेष म्हणजे याच भीतीला दिलेले रूप होय. दुसऱ्या चित्रपटात कुत्र्याने चावा घेतलेल्या दंडाला तो स्वतःच्या हाताने टाके घालतो आणि त्याचा सेवक आल्फ्रेड त्याला मर्यादा ओळखण्यास सांगतो. याच भागात बालमैत्रीण रेचेल मारली जाते आणि ब्रूसचे मन खचते.

तिसऱ्या भागात आठ वर्षे घरात कोंडून घेतलेला ब्रूस काठी टेकत चालतो. डॉक्टर त्याला सांगतात, की गुडघ्यातील कूर्चा (हाडांच्या टोकांवरील मऊ, लवचिक आवरण) उरलेली नाही, मूत्रपिंडांवर व्रण आहेत आणि मेंदूलाही आघात झालेले आहेत. इथवरचे चित्रण विश्वसनीय आहे, कारण कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने ती सहसा भरून येत नाही. मात्र लगेच एक यांत्रिक पट्टा गुडघ्याला बसतो आणि त्या दुखण्याचा विषय जवळजवळ संपतो. बेन हा खलनायक त्याची पाठ मोडून त्याला भूमिगत तुरुंगात टाकतो, तेव्हा तिथला एक सोबती बाहेर आलेला मणका बुक्की मारून बसवतो व त्याला दोराने टांगून ठेवतो. काही महिन्यांतच ब्रूस तुरुंगाची भिंत चढू लागतो. हातपाय बसवून घ्यायला हाडवैद्याकडे गेलेल्या खानदेशी प्रेक्षकाला ही युक्ती ओळखीची वाटेल, परंतु सरकलेला मणका असा ठोकल्यास मज्जारज्जूला इजा होऊन कायमचे लुळेपण येऊ शकते. शरीराच्या बाबतीत पटकथा इथे सोयीची वाट धरते. मनाच्या बाबतीत मात्र ती कसदार राहते, कारण भिंत चढताना आधाराचा दोर कमरेला बांधलेला असेपर्यंत त्याला शेवटची उडी जमत नाही आणि दोर सोडून मरणाची भीती परत आल्यावरच तो वर पोहोचतो.

१८६९ पूर्वी खानदेश जिल्ह्यात असलेल्या आणि आज नाशिक जिल्ह्यात मोडणाऱ्या मालेगावात नायकाच्या दुखण्याचा निराळाच विचार झाला. दिग्दर्शक नासिर शेख यांच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’मधील नायक किरकोळ अंगाचा असून गावातील धूळ आणि प्रदूषण यांनी त्याला धाप लागते. ही भूमिका करणारे शफिक शेख हे यंत्रमाग कामगार होते. २०११ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. बॅटमॅनची जखम त्याच्या भूतकाळातून येते, तर या सुपरमॅनचे दुखणे प्रेक्षक रोज श्वासातून घेतात त्याच हवेतून येते, म्हणून ते त्यांना चटकन पटते. या चित्रपटाच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला असून मालमोटारीच्या बाजूला हिरवे कापड लावून उड्डाणाचे दृश्य कसे टिपले, हे त्यात पाहायला मिळते.