बीमखालची रिकामी जागा आणि एक पुठ्ठ्याचं खोकं

गावच्या आमच्या जुन्या घरात मे महिन्यात भिंतीला भेग पडायची, मी लहानपणी त्यात पोस्टकार्ड सरकवून ठेवायचो, आणि श्रावणात तेच कार्ड ओढलं तर निघायचं नाही एवढी ती भेग आवळून बसलेली असायची. घर काळ्या मातीवर होतं, बाकी काही दोष नव्हता त्याचा.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. वहीची पानं एकावर एक रचावी तसे त्याचे थर, एकेक थर साधारण १ नॅनोमीटर जाड, आणि पाणी आलं की ते या थरांच्या मधे घुसून त्यांना लांब सारतं. पाणी गेलं की पुन्हा आकसतं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरच्या आसपास आणि टेक्ससमध्ये डॅलसकडे जमिनीत अशाच फुगणाऱ्या चिकणमात्या आहेत. कोलोरॅडोच्या भूगर्भ सर्वेक्षणाचा आकडा असा की ही माती एका चौरस फुटावर ३०,००० पौंडांपर्यंत दाब देऊ शकते, म्हणजे साडेतेरा टन! एकमजली घराचं वजन त्यापुढे काहीच नाही, माती ते सहज उचलते, आणि सगळीकडे सारखं उचलत नाही म्हणून भिंती तडकतात.

तिकडचे इंजिनिअर मग मातीला दाबून ठेवायच्या भानगडीत पडत नाहीत. जिथे ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही तिथपर्यंत खोल भोक पाडून काँक्रीटचे खांब भरायचे, त्यावर भिंती पेलणारा आडवा बीम टाकायचा, आणि बीम आणि जमीन यांच्यामधे मुद्दाम ४ ते १२ इंच जागा रिकामी सोडायची. फुगायचं तेवढं मातीने तिथे फुगावं, बीमला हात लागला नाही म्हणजे झालं.

पण ओलं काँक्रीट हवेत कसं ओतणार? खाली लाकडी शटरिंग केलं तर ते नंतर काढायला आत शिरणार कोण? म्हणून तिथे नालीदार पुठ्ठ्याची खोकी ठेवतात, त्यांना व्हॉइड फॉर्म म्हणतात. बाहेरून ओल लवकर शिरू नये असा कागद, आत उभ्या पट्ट्यांची जाळी. काँक्रीट घट्ट होईपर्यंत खोकं वजन पेलतं, पुढे जमिनीतली ओल हळूहळू पिऊन मऊ पडतं, आणि माती वर आली की चेपतं. मला यातली हीच गोष्ट फार आवडते, की हा माल एक-दोन दिवस मजबूत आणि त्यानंतर कायमचा कमजोर असावा लागतो.

त्यामुळे सगळा खेळ साइटवर तो कसा हाताळला यावर आहे. २ फूट उंच बीमचं ओलं काँक्रीट एका चौरस मीटरवर जवळपास १.४ टन वजन टाकतं, आणि खोकं ते पेलतं कारण वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असतं. आता ७० किलोचा माणूस टाचेवर उभा राहिला, टाच समजा २५ चौरस सेंटीमीटर, तर त्या ठिपक्यावर दाब होतो चौरस मीटरला २८ टन, काँक्रीटच्या वीसेक पट, म्हणजे टाच थेट आत. म्हणून खोक्यांवर आधी प्लाय किंवा हार्डबोर्ड अंथरतात, सळई वर उचलून धरणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉकसुद्धा, त्यावरच बसतात, आणि काँक्रीट उंचावरून एका जागी ढीग करून ओतत नाहीत, काँक्रीट हलवून दाट बसवणाऱ्या व्हायब्रेटरचं टोक खाली टेकू देत नाहीत.

पाऊस तर सगळ्यात वाईट. खोकी जमिनीपासून वर, ताडपत्रीखाली ठेवायची, खड्ड्यातलं पाणी उपसून तळ सपाट करायचा, आणि ओतायच्या अगदी थोडं आधीच बसवायची. भिजलेलं खोकं वाळवून परत वापरायचं नाही, फेकायचं. काँक्रीट ओतताना असं खोकं खचलं तर काँक्रीट खाली उतरून मातीला टेकतं, वरून बीम छान दिसतो आणि खालची जागा गेलेली असते, कुणाला कळतही नाही. सांधे आणि खांबाभोवतीच्या फटी टेपने बंद करतात तेही याचसाठी. उलट कुणी काळजीपोटी खोकं चारी बाजूंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तरी पंचाईत, कारण मग ते ओल पीतच नाही, कडकच राहतं, आणि मातीचा धक्का जसाच्या तसा बीमला पोचवतं.

काम झाल्यावर बाजूने माती भरताना ती पोकळीत ढासळू नये म्हणून कडेला आडव्या फळ्या लावतात, ही पायरी घाईत सुटते आणि केलेली सगळी मेहनत तिथे वाया जाते.

आपल्याकडे पुठ्ठा नसला तरी विचार हाच आहे. काळ्या मातीसाठी खाली फुगीर बल्ब असलेल्या अंडर-रीम्ड पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल भरलेल्या काँक्रीटच्या खांबांवर, रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने मोठं काम केलं, आणि त्याच्या भारतीय मानकात, आयएस २९११ भाग ३ मध्ये, अशा मातीत बीम जमिनीपासून किमान ८० मिलीमीटर वर ठेवायला सांगितलंय. काळ्या रानात घर बांधत असाल तर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याचा बीम, ओतायच्या आधी इंजिनिअरला विचारा ही जागा कशी राखणार, आणि नंतर कुणी मुरूम किंवा डबर कोंबून ती बंद करत असेल तर तिथल्या तिथे थांबवा.