मूत्रपिंड निकामी, तक्रार पोटाची

बांबोळी, मडगाव नाहीतर म्हापशाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाच्या घरी विचारलं, तर पोटाच्या तक्रारी हमखास ऐकायला मिळतात: मळमळ, जळजळ, तोंडाला वास, पेजसुद्धा नकोशी. ‘पित्त झालंय’ म्हणून घरचे सोडून देतात. ते सोडून देऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं.

मूत्रपिंड काम करेनासं झालं की रक्तात युरिया साचतो आणि जठररसातही उतरतो. जठरात युरियापासून अमोनिया करणारं युरिएज हे विकर असतं, हे १९२४ मध्येच दिसलं होतं. ते जठराचं स्वतःचंच, असं पुढे कित्येक वर्षं धरून चालले. बेल्जियमच्या लीबर आणि लेफेव्हर यांनी मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना प्रतिजैविक दिलं, तेव्हा जठररसातला अमोनिया घटला आणि आम्ल वाढलं. त्यांचं हे काम १९५९ मध्ये छापून आलं. अमोनिया जंतूच तयार करत होते, याचा इतका सरळ पुरावा हाती होता! पण जठराच्या आम्लात जंतू तग धरत नाही ही समजूत पक्की होती, आणि धागा तिथेच सुटला. पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो जंतू प्रयोगशाळेत वाढवला १९८२ मध्ये. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव १९८९ चं, नोबेल २००५ चं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी दिलेला तो आधीचा पुरावा या गोष्टीत क्वचितच सांगितला जातो.

तोवर डायलिसिस रुळलं होतं. डच डॉक्टर कोल्फ यांचं डायलिसिसचं यंत्र १९४३ चं. १९६० मध्ये सिएटलच्या स्क्रिब्नर यांनी हातात कायमची नळी बसवली आणि वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगणं शक्य झालं. युरिया भरपूर, म्हणजे जंतूही जास्त, असा अंदाज होता. अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर उलटंच दिसलं: डायलिसिसवरच्यांत हा संसर्ग इतरांपेक्षा कमी, आणि वर्षं सरतील तसा आणखी घटणारा. वारंवार दिलेली प्रतिजैविकं आणि झिजत जाणारं जठराचं अस्तर, ही त्याची संभाव्य कारणं मानतात.

अस्तराची झीज रक्तावरून ओळखायला पेप्सिनोजेन मोजतात. पेप्सिन हे प्रथिनं पचवणारं जठरातलं विकर, ते थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये शोधलं. पेप्सिनोजेन हे त्याचं आधीचं रूप. जपानमध्ये पेप्सिनोजेन-१ मिलिलिटरला ७० नॅनोग्रॅम किंवा कमी, आणि पेप्सिनोजेन-२ शी त्याचं गुणोत्तर ३ किंवा कमी असेल, तर अस्तर झिजलं असं धरतात. पण पेप्सिनोजेन-१ लघवीवाटे बाहेर जातं. मूत्रपिंडच बंद पडलं की ते रक्तात साचतं, आणि झिजलेलं जठरही रिपोर्टमध्ये धडधाकट दिसू शकतं. अमायलेज-लायपेज या स्वादुपिंडाच्या विकरांचंही तसंच: स्वादुपिंडाला सूज नसतानाही ती दुप्पट-तिप्पट येतात. म्हणून रक्त तपासायला देताना ‘डायलिसिस चालू आहे’ हे कागदावर लिहून घ्यावं.

औषधांचं तर आणखी जपायला हवं. जंतूवरच्या उपचारात बिस्मथ वापरतात, मूत्रपिंड निकामी असलं की ते अंगात साचतं. दुकानातून सहज मिळणाऱ्या पित्ताच्या पातळ औषधांतलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमही साचतं. ती बाटली घेण्याआधी डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारा.