मोठा टायर, कमी हवा

2010 च्या नोव्हेंबरमध्ये आठ भारतीयांचा एक चमू अंटार्क्टिकातल्या मैत्री या भारताच्या संशोधन केंद्रावरून गाड्यांनी निघाला आणि दक्षिण ध्रुवावर पोहोचला. नेते होते रसिक रवींद्र, गोव्यात वास्कोला असलेल्या नॅशनल सेंटर फॉर अंटार्क्टिक अँड ओशन रिसर्च या संस्थेचे तेव्हाचे संचालक. मैत्री ते ध्रुव हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी 2100 किलोमीटरच्या वर भरतं. वाटेत रस्ता नावाची गोष्ट नाही. बर्फात मध्येच भेगा, आणि चढत चढत 2800 मीटरच्या पठारावर जायचं. एवढ्या प्रवासासाठी त्यांनी वापरल्या त्या ना रणगाड्यासारख्या पट्ट्यांच्या गाड्या होत्या, ना खास ध्रुवासाठी जन्माला घातलेलं एखादं यंत्र. टोयोटाच्या पिकअप गाड्यांना आइसलँडच्या आर्क्टिक ट्रक्स या कंपनीने 44 इंची टायर चढवून दिले होते, त्याच या गाड्या.

त्यांचे फोटो पाहिले की नजर पहिल्यांदा उंचीवर जाते. टायर माणसाच्या कमरेच्याही वर, मडगार्ड कापून रुंद केलेले, एकूण रुबाब असा की वाटेत येईल ते चिरडत जाईल. प्रत्यक्षात या गाडीचं कसब नेमकं उलटं आहे. ती चिरडत नाही, तरंगते. आणि तरंगते ती टायर मोठा आहे म्हणून नव्हे, तर त्यातली जवळजवळ सगळी हवा काढून टाकलेली असते म्हणून. मोठा टायर लागतो तो इतकी हवा काढता यावी यासाठी.

गणित शाळेतलंच आहे. गाडीचं वजन जमिनीवर येतं ते चार टायर जिथे टेकतात त्या चार ठशांतून. टायरच्या रबराचा ताठरपणा क्षणभर बाजूला ठेवला, तर वजन पेलणारी असते आतली हवा. म्हणजे ठशाचं क्षेत्रफळ म्हणजे वजन भागिले हवेचा दाब. सामानासकट गाडी 3000 किलोची धरू, म्हणजे एका चाकावर 750 किलो. पंक्चरवाल्याच्या भाषेत 30 पौंड (म्हणजे दर चौरस इंचाला 30 पौंड) हवा असेल तर दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला साधारण 2.1 किलो, आणि एका टायरचा ठसा येतो 357 चौरस सेंटिमीटर. ए-फोर कागदाच्या निम्म्यापेक्षा थोडा जास्त, बस्स. या भागाकारात टायरचा आकार कुठेच नाही, हे लक्षात घ्या. त्याच गाडीला दीडपट मोठे टायर घाला आणि हवा 30 पौंडच ठेवा, ठसा जवळपास तेवढाच राहील. फार तर आकार जरा लांबट किंवा रुंद होईल. बर्फाला काहीही फरक पडणार नाही, गाडी आधी जिथे रुतली असती तिथेच रुतेल.

आता हवा 30 वरून 3 पौंडांवर आणा. ठसा दसपट, 3570 चौरस सेंटिमीटर. सुमारे पावणेसहा ए-फोर कागद, तेही एकेका चाकाखाली. दर चौरस सेंटिमीटरला आता येतात फक्त 210 ग्रॅम. सत्तर किलोचा माणूस चालताना एका बुटावर सगळं वजन टाकतो तेव्हा तो दर चौरस सेंटिमीटरला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास दाब देतो. म्हणजे भुसभुशीत बर्फावर तीन टनांची गाडी वरच्यावर उभी असते आणि दार उघडून उतरणारा ड्रायव्हर तिच्यापेक्षा खोल रुततो.

मग मूळच्या टायरमधलीच हवा का काढू नये? टोयोटाच्या हायलक्ससारख्या पिकअपवर 265/65 आर 17 मापाचा टायर असतो. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे तो, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला तर पूर्ण टायरचा व्यास येतो 776 मिलिमीटर. याला 3570 चौरस सेंटिमीटरचा ठसा पाडायचा, आणि रुंदी आहे साडेसव्वीस सेंटिमीटर, तर ठशाची लांबी हवी 135 सेंटिमीटर. टायर स्वतःच आहे 78 सेंटिमीटरचा! अर्थातच जमत नाही. त्याच्या कितीतरी आधी रिम जमिनीला टेकते आणि टायरची भिंत दोन्हींत चिरडते. 44 इंची टायर साधारण 47 सेंटिमीटर रुंद असतो. त्याला 76 सेंटिमीटर लांबीचा ठसा पुरतो, आणि तेवढ्यासाठी तो सुमारे 15 सेंटिमीटर दबावा लागतो. 15 इंची रिमवर त्याची भिंत असते 37 सेंटिमीटर उंच. पंधरा गेले तरी बावीस उरले. टायरच्या आकाराचा सगळा उपयोग या उरलेल्या बावीस सेंटिमीटरमध्ये आहे. (रबराचा ताठरपणा मध्ये आणला तर हे आकडे थोडे कमी होतात, गोष्ट बदलत नाही.)

हा विषय शास्त्र म्हणून उभा करणाऱ्यांत पोलंडमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले इंजिनिअर बेकर यांचं नाव पहिलं घेतात. चाक मातीत किंवा बर्फात किती रुतेल आणि तिथून पुढे जायला किती जोर लागेल याची सूत्रं त्यांनी मांडली. 1971 मध्ये अपोलो 15 बरोबर चंद्रावर गेलेल्या रोव्हरच्या चाकांमागेही त्यांचं काम होतं. त्या चाकांत हवा नव्हतीच, ती पोलादी तारेच्या जाळीची होती. बेकर यांच्या सूत्रांमधून निघणारी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: ठशाचं क्षेत्रफळ तेवढंच असेल तर आखूड-रुंद ठशापेक्षा लांब-अरुंद ठसा बरा. चाक पुढे जाताना रुंदीएवढा बर्फ दाबून वाट तयार करतं, आणि ते काम इंजिनाच्याच खिशातून होतं. लांबीने वजन पसरलं तर दाबायचा पट्टा अरुंद राहतो. रणगाड्याचे पट्टे लांब असतात त्यामागे हेच आहे. हवा काढल्यावर टायर रुंदीला थोडाच पसरतो, लांबीला मात्र भरपूर. म्हणून दुकानात रुंद टायरवर भाळणाऱ्याने आधी व्यास बघावा.

उंचीचाही फायदा आहे, पण लोक समजतात त्याच्या निम्मा. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला की गाडी एकच इंच उचलली जाते. स्प्रिंगखाली पॅकिंग घालून गाडी उंच केली तर बॉडी वर जाते. एक्सलच्या मधोमध लोंबणारा डिफरन्शियलचा (इंजिनाचा जोर दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा होता तिथेच राहतो, आणि दगडाला पहिला लागतो तोच. एक्सल तोच ठेवून त्याला वर उचलणारा एकच उपाय, मोठा टायर.

ध्रुवाच्या वाटेवर तीन पौंड हवा राखणं हा मात्र स्वतंत्र खेळ आहे. आपला मीटर टायरमधला पूर्ण दाब दाखवत नाही, बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे तेवढंच दाखवतो. मैत्रीच्या परिसरात उणे 10 अंशांना मीटरवर 3 पौंड आहेत असं धरा. बाहेरच्या हवेचे साधारण 14.3 मिळवून आतला खरा दाब झाला 17.3. गाडी ध्रुवापर्यंत चढली, तापमान उणे 40 झालं. गारठ्याने आतली हवा आक्रसते आणि 17.3 चे 15.3 होतात. पण वर बाहेरची हवाही विरळ होऊन दहाच्या खाली आलेली असते. वजाबाकी करा: मीटर आता पाचच्या वर दाखवतो. वाटेत कोणी एक फुंकरसुद्धा मारलेली नाही, तरी दाब पावणेदोनपट आणि ठसा त्याच प्रमाणात लहान! उलटा प्रयोगही करून पाहण्यासारखा आहे. समुद्रसपाटीला 15 अंशांच्या गॅरेजमध्ये 3 पौंड मोजलेला टायर तिथेच उणे 40 मध्ये आणून ठेवला, तर हिशेबाने मीटर शून्याच्याही किंचित खाली जातो. 30 पौंडांच्या टायरला अशा दोन-तीन पौंडांचं काही वाटत नाही. तीन पौंडांच्या टायरचं ते सर्वस्व असतं. त्यामुळे अशा गाडीत कमी दाब नीट दाखवणारा मीटर लागतो. पेट्रोलपंपावरच्या यंत्राला पाच आणि तीन सारखेच.

इतक्या कमी हवेत टायर रिमवर टिकतो कसा? नेहमी आतल्या हवेचा रेटाच टायरची कड रिमच्या खाचेत दाबून धरतो. तो रेटा गेला की एका झटक्याच्या वळणात टायर रिमवरून निसटतो. म्हणून कड बाहेरून बोल्ट मारलेल्या कड्याने आवळतात किंवा सरळ चिकटवून टाकतात. आइसलँडमध्ये हे सगळं ऐंशीच्या दशकापासून घरगुती गॅरेजांमध्ये चाललेलं होतं. आर्क्टिक ट्रक्स 1990 मध्ये तिथल्या टोयोटा विक्रेत्याचा एक विभाग म्हणून सुरू झाली. तिथल्या कायद्याची गंमत अशी की रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर गाडी घालायला बंदी आहे, पण जमीन गोठलेली आणि बर्फाने झाकलेली असेल तर चालतं.

आता खर्चाची बाजू. 776 मिलिमीटरच्या जागी 1118 मिलिमीटरचा टायर आला, म्हणजे 1.44 पट. एका फेऱ्यात गाडी आधी 2.44 मीटर जायची, आता साडेतीन मीटर जाते. इंजिनाच्या दृष्टीने प्रत्येक गिअर एकदम मोठा झाला. पहिल्यात टाकावं तर दुसऱ्यात उचलल्यासारखं. उपाय डिफरन्शियलमधले क्राऊन-पिनियन, म्हणजे दातेरी चाकांची जोडी, बदलण्याचा. मूळ प्रमाण 3.9 असेल तर आता 5.6 च्या जवळपास हवं. चाकांचे फेरे मोजून वेग दाखवणाऱ्या गाडीत काट्यावर 60 असताना खरा वेग असतो 86. फेरे गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या दांड्यावर मोजले जात असतील तर क्राऊन-पिनियनबरोबर काटाही आपोआप सुधारतो. चाकाशी मोजले जात असतील तर वेगळी दुरुस्ती लागते.

ब्रेकचं दुखणं यापेक्षा गंभीर आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. ब्रेक चाकाच्या मध्याशी पीळ देतो, रस्त्यावर लागणारा जोर म्हणजे तो पीळ भागिले त्रिज्या. त्रिज्या 1.44 पट झाली की पायाच्या तेवढ्याच दाबाला रस्त्यावर 30 टक्के कमी जोर मिळतो. आणि थांबवायची गाडी मात्र जड झालेली असते. इथे एक प्रचलित समजूत खोडायला हवी. जडत्व त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, म्हणून मोठा टायर फिरवायला वर्गाच्या हिशेबाने जास्त ऊर्जा लागते, असं ठासून सांगितलं जातं. जडत्व तसं वाढतं हे खरं. पण गाडीचा वेग तोच असेल तर मोठं चाक सावकाश फिरतं, आणि ऊर्जेच्या हिशेबात त्रिज्या दोन्हीकडून कटते. उरतं ते टायरचं वजन. ते मात्र दुहेरी मोजलं जातं, एकदा पुढे जाण्यासाठी आणि जवळपास तितकंच पुन्हा फिरण्यासाठी. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालचं असल्यामुळे खड्ड्यात आदळणारं चाक आवरणं शॉकॲब्सॉर्बरला अवघड जातं, आणि बेअरिंग, बॉल जॉइंट, स्टिअरिंगचे दांडे लवकर ढिले होतात. चाक पूर्ण वळवून एक बाजू दगडावर चढवली की टायर मडगार्डला घासतो. म्हणून पत्रा कापायचा, कधी पुढचा एक्सलच थोडा पुढे सरकवायचा.

आपल्याकडे हा शौक महिंद्राच्या थार गाडीच्या निमित्ताने वाढला. 2020 च्या थारला वरच्या मॉडेलमध्ये 255/65 आर 18 टायर येतो, म्हणजे व्यास 31 इंच. त्यावर 33 इंची घालणारे बरेच. गाडी इंचभर उठते, स्पीडोमीटर सहा टक्क्यांनी मागे पडतो, ब्रेकचा जोर तेवढाच घटतो. आणि हवा? बहुतेकांची तीसच्या घरात, म्हणजे ठसा होता तेवढाच. वाळूत जाण्यासाठी म्हणाल, तर कंपनीच्याच टायरची हवा 15 वर आणली की ठसा दुप्पट होतो, खर्च शून्य. (कोकणात भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाड्यांची चित्रं दर सुट्टीत दिसतात. किनाऱ्यावर गाडी घालूच नये; गोव्यात तर त्याला बंदीच आहे.) पावसाळ्यातल्या सह्याद्रीतला चिखल आणखी वेगळा. वरची चार बोटं राड आणि खाली कडक मुरूम असेल तर तिथे तरंगायचंच नसतं. अरुंद टायर राड कापून मुरमाला जाऊन भिडतो आणि पकड घेतो. रुंद टायर वरच्या वर घसरत बसतो. काळ्या मातीच्या शेतात तर नक्षीच्या खाचा चिकणमातीने भरल्या की 33 असो वा 35, टायर गुळगुळीत गोटा होतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ही आणखी एक अडचण. उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. अपघातानंतर विमा कंपनी तेच दाखवू शकते.

हवा काढून फिरणाऱ्याने पंप मात्र सोबत ठेवावा, 12 व्होल्टवर चालणारा छोटासा पुरतो. ताशी 80 च्या वेगात थारचं चाक सेकंदाला नऊ फेरे घेतं. हवा कमी असेल तर दर फेऱ्याला टायरची भिंत वाकते आणि सरळ होते. रबर वाकवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी सरळ होताना परत मिळत नाही, फरक उष्णता म्हणून भिंतीतच साठतो. वाळूत किंवा बर्फात ताशी वीसने चालताना त्याचं काही बिघडत नाही. डांबरी रस्त्यावर, मे महिन्यात, पंधरा पौंडांवर हायवे गाठला तर भिंतीतले थर सुटायला लागतात आणि टायर तिथूनच फुटतो. त्यामुळे पक्क्या सडकेला लागताच थांबून चारही टायरमध्ये हवा भरायची, मागच्या दाराला लटकवलेला स्टेपनीचा टायरही तपासायचा, आणि मगच पुढचा गिअर टाकायचा.