प्राथमिक आरोग्यसेवेचा विस्तार आणि रुग्णांची रुग्णालयातील भरती (कोकण)

गावाजवळ तपासणी आणि औषध नियमित मिळू लागले की मोठ्या रुग्णालयात कोण दाखल होते आणि कशासाठी, हे बदलते. सार्वजनिक आरोग्यशास्त्रात हा बदल ‘टाळता येण्याजोगी भरती’ या कल्पनेच्या आधाराने तपासतात. दमा, मधुमेह, उच्च रक्तदाब, मुलांचे जुलाब अशा दुखण्यांत वेळेवर बाह्यरुग्ण उपचार झाला, तर खाटेवर झोपायची वेळ सहसा येत नाही. अशा दुखण्यांसाठी भरती वाढलेली दिसली, तर गावपातळीवरची सेवा कुठेतरी तुटली आहे असे समजतात.

भारतात या सेवेचा आराखडा १९४६ च्या भोर समितीपासून सुरू होतो. आजच्या निकषानुसार सपाटीच्या भागात ५,००० लोकांमागे उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र असते. डोंगराळ व आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० आहेत. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्त्या आल्या. २०१८ पासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमून रक्तदाब व मधुमेहाची तपासणी तिथेच होऊ लागली.

मात्र डोकी मोजून केलेला हा हिशेब कोकणाला पुरता लागू पडत नाही. इथले गाव एका जागी नसते. ते वाड्यावाड्यांत विखुरलेले असते. दोन वाड्यांमध्ये कधी व्हाळ (ओढा), कधी सडा (कातळाचे पठार), कधी खाडीचा फाटा. नकाशावर जेमतेम दोन किलोमीटरवर असलेले उपकेंद्र साकव पाण्याखाली गेला की त्या दिवसापुरते नाहीसे होते. त्यात तरुण माणसे मुंबईला आणि घरात उरलेली म्हातारी. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, एसटी चुकली, मग राहूनच गेले, अशा साध्या कारणाने सुरू झालेली गोष्ट पक्षाघातापर्यंत जाते. गणपतीला आलेला मुलगा आईला परतीच्या गाडीतून मुंबईच्या रुग्णालयात नेतो, तेव्हा त्या भरतीची सुरुवात कित्येक महिने आधी वाडीतच झालेली असते.

जवळच्या उपचाराने भरती कशी टळते याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण कोकणातलेच आहे. लाल विंचवाच्या विषाने शरीरात उत्तेजक संप्रेरकांचा लोंढा येतो. दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि पुढे हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचते. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड तालुक्यात, बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातील नोकरीपासून, या रुग्णांच्या उशाशी बसून हा क्रम टिपला आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर वापरले. पूर्वी गंभीर दंशात मृत्यू नेहमीचा होता; त्याचे प्रमाण या उपचाराने फार खाली आले. औषध स्वस्त, तोंडाने घ्यायचे, आणि त्याचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत. म्हणजे ते आरोग्य केंद्राच्या कपाटातच हवे.

फुरश्याच्या दंशाचेही तसेच आहे. या सापाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, २० मिनिटे नळीला हात लावायचा नाही, मग ती हलकेच कलती करायची. रक्त गोठले नसेल, तर सर्पदंशाची लस (प्रतिविष) सुरू करायची. एवढे करायला प्रयोगशाळा लागत नाही. पण लस तिथे नसेल, तर तोच रुग्ण मूत्रपिंडे बिघडलेल्या अवस्थेत शहरात पोचण्याची भीती असते. लावणीच्या दिवसांत, भेगाळलेल्या पायांनी चिखलात उभ्या राहणाऱ्यांना लेप्टो (दूषित पाण्या-चिखलातून होणारा जंतुसंसर्ग) होतो, त्यातही सुरुवातीच्या तापावर दिलेली डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविक गोळी बरेच काही वाचवते.

तरीही ‘दवाखाने वाढवा, भरती घटेल’ असे सरळ गणित मांडणे चुकीचे आहे. ब्राझीलमध्ये १९९४ पासून घरोघरी जाणाऱ्या कुटुंब-आरोग्य पथकांचा विस्तार झाला. १९९९ ते २००७ दरम्यान दमा, पक्षाघात, हृदयविकार यांसारख्या टाळता येण्याजोग्या दीर्घकालीन आजारांची भरती इतर कारणांच्या भरतीपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने कमी झाली. उलट अमेरिकेत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,३९६ माजी सैनिकांवरील चाचणीत रुग्णालयातून घरी गेल्यावर वाढीव प्राथमिक सेवा मिळालेल्या गटाची पुनर्भरती जास्त निघाली. हे रुग्ण आधीच गंभीर आजारी होते, आणि कोणी जवळून पाहू लागले की अधिक काही सापडते. मात्र आपल्या उपचाराबद्दल त्यांचे समाधान जास्त होते.

कोकणातही उपकेंद्र नीट चालू लागले की मोतीबिंदू, हर्निया, वर्षानुवर्षे अंगावर काढलेली गर्भाशयाची दुखणी पुढे येतात आणि शस्त्रक्रियेसाठी नोंदणी वाढते. ही वाढ चांगली आहे, ती अपयशाच्या खात्यात टाकू नये. एकूण भरतीचा आकडा म्हणूनच फारसे सांगत नाही. पक्षाघात, केटोॲसिडोसिस (मधुमेह हाताबाहेर जाऊन रक्तात आम्ल साचणे), उशिरा आलेला सर्पदंश यांची संख्या वेगळी काढावी लागते.

इथे आणखी एक अडचण आहे. दोडामार्ग-सावंतवाडीचा रुग्ण बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातो, वैभववाडीचा घाट चढून कोल्हापूरला, मंडणगड-दापोलीचा मुंबईला. त्याची भरती त्या शहराच्या, प्रसंगी दुसऱ्या राज्याच्या, नोंदवहीत पडते. सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातील खाटा मोजून गावच्या दवाखान्याचे यश ठरवले, तर हे सारे रुग्ण हिशेबाबाहेर राहतात. त्यांचा माग आशाताईच्या वहीत मात्र सापडू शकतो, कारण घरातून कोण, कधी आणि कुठे नेले हे वाडीत सगळ्यांना माहीत असते.