सामन्याचा बंदोबस्त (ग्रामीण विदर्भ)

सामन्याचा बंदोबस्त : क्रिकेटचा आंतरराष्ट्रीय सामना, शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत), कबड्डी-व्हॉलीबॉलच्या मोठ्या स्पर्धा अशा प्रसंगी घातपात, दंगा व चेंगराचेंगरी टाळण्यासाठी पोलीस आणि महसूल यंत्रणा करीत असलेली व्यवस्था. या व्यवस्थेभोवती लोकांत उठणाऱ्या अफवा, भीती व कारस्थानाच्या कल्पना यांचाही विचार येथे केला आहे, कारण विदर्भाच्या खेड्यांत या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

‘बंदोबस्त’ हा शब्द मूळ फार्सी. ‘बंद’ म्हणजे गाठ, बांध. ‘बस्त’ म्हणजे बांधलेले. दोन्ही मिळून ‘बांधाबांध’ असा अर्थ होतो. पेशवेकालीन पत्रव्यवहारात तो गडाचा, मुलखाचा, चौकीपहाऱ्याचा अशा नाना संदर्भांत येतो आणि त्यात व्यवस्था व जरब या दोन्ही छटा आहेत. विदर्भात मात्र त्याला एक वेगळे वळण मिळाले. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि त्यानंतरच्या दशकात नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागांत मालगुजारी पद्धतीने (गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला देई) जमीनमहसुलाची तीस वर्षांसाठी आकारणी झाली. या आकारणीलाच ‘बंदोबस्त’ म्हणत. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, तरी जुन्या दप्तरातील नकाशे व निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जमिनीवरील हक्कांची नोंद) काढायला तहसिलीत जाणाऱ्या शेतकऱ्याच्या बोलण्यात हा अर्थ टिकून आहे. वऱ्हाडाची गोष्ट निराळी. १८५३ च्या तहाने तो प्रदेश निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याच्या पद्धतीची मोजणी झाली आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे महसुली अर्थाने ‘बंदोबस्त’ हा शब्द अकोला-अमरावतीकडे तितकासा रुळला नसावा.

पोलिसी अर्थ या महसुली अर्थातून निघाला काय, याविषयी दोन मते संभवतात. जमाबंदीच्या कामाला आणि जत्रेतील पहाऱ्याला गावचे तेच पाटील, तेच कोतवाल राबत; तेव्हा शब्दही माणसांबरोबर एका कामातून दुसऱ्या कामात गेला असेल, असे एक मत. दुसरे मत असे की पहाऱ्याचा अर्थ मराठीत आधीपासूनच होता आणि महसुली अर्थ ही नंतरची, प्रादेशिक भर आहे. मोल्सवर्थच्या कोशात या शब्दाला शिस्त, मांडणी, व्यवस्था असा व्यापक अर्थ दिलेला आहे. शिवाय महसुली अर्थ जेथे कमी रुळला त्या वऱ्हाडातही पहाऱ्याचा अर्थ तितकाच पक्का आहे. यांवरून दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. पहिल्या मतातील माणसांविषयीचे निरीक्षण मात्र मोलाचे आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमलेला पोलीस पाटील आजही गावात कोण नवीन आले, काय बोलले जात आहे, याची खबर ठाण्याला देतो. खेड्यातील बंदोबस्ताची सुरुवात त्याच्यापासून होते.

याच्या जोडीचा शब्द ‘कारस्थान’. आज तो केवळ वाईट अर्थाने वापरतात. परंतु १७७४ च्या सुमारास राघोबादादांविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘बारभाईंच्या कारस्थाना’चा उल्लेख इतिहासकार राज्य सावरण्याची मसलत म्हणून करतात. थोर माणसे बंद दाराआड ठरवतात आणि रयतेला ते नंतर कळते, ही जाणीव या शब्दात जुनीच आहे. सामना ‘आधीच ठरलेला’ होता, असे पानठेल्यावर म्हणणारा माणूस त्याच जाणिवेतून बोलत असतो.

विदर्भात या विषयाला आजचे रूप आले ते जामठ्यामुळे. नागपुरातील सिव्हिल लाइन्सचे जुने मैदान सोडून विदर्भ क्रिकेट असोसिएशनने वर्धा मार्गावर, शहराबाहेर जामठा गावाच्या शिवारात सुमारे ४५ हजार प्रेक्षक मावतील असे मैदान बांधले. तेथला पहिला कसोटी सामना ६ नोव्हेंबर २००८ पासून ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाला. तो १० तारखेला संपला आणि १६ दिवसांनी मुंबईवर हल्ला झाला. इंग्लंडच्या संघाने एकदिवसीय मालिका अर्धवट सोडली. पुढे तो कसोटीसाठी परतला तेव्हा अहमदाबाद व मुंबईचे सामने चेन्नई आणि मोहालीला हलवावे लागले. ३ मार्च २००९ रोजी लाहोरला श्रीलंकेच्या संघाच्या बसवर गोळीबार झाला. तोवर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील इस्रायली खेळाडूंची हत्या हे दूरचे उदाहरण होते. लाहोरनंतर खेळाडूंची बस हेच लक्ष्य ठरू शकते, हे उपखंडातील प्रत्येक आयोजकाला कळून चुकले. नागपूरच्या यंत्रणेपुढे १ जून २००६ चा, महाल भागातील राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयावरील हल्ल्याचा प्रयत्नही होताच.

जामठ्याच्या बंदोबस्तात खरा कठीण भाग मैदानापेक्षा रस्त्याचा आहे. संघ शहरातील हॉटेलात उतरतात आणि मैदानापर्यंतचा मार्ग म्हणजे नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग. त्याच रस्त्याने बुटीबोरीच्या कारखान्यांचे ट्रक जातात, वर्ध्याच्या एसटी जातात, हंगामात कापसाच्या गाड्या जातात. संघांचा ताफा जाईपर्यंत वाहतूक रोखावी लागते आणि सामना सुटल्यावर गर्दी एकदम बाहेर पडते. बॉम्बशोधक व नाशक पथक सामन्याआधी श्वानांसह आसने, स्वच्छतागृहे, स्वयंपाकघर तपासते. मग दारांवर धातुशोधक चौकटी लागतात, राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकड्या व गृहरक्षक नेमून दिलेल्या जागा घेतात. पाण्याची बाटली, काडेपेटी, नाणी, बॅग सर्वसाधारणपणे आत नेता येत नाही. यवतमाळ-चंद्रपूरहून आलेल्या प्रेक्षकाच्या खिशातला खर्राही (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) दारातच राहतो. २०११ च्या विश्वचषकाचे चार सामने आणि १५ मार्च २०१६ चा भारत-न्यूझीलंड विश्व टी-२० सामना या चौकटीत पार पडले. २०१० मध्ये तेलंगण आंदोलनामुळे आयपीएलमधील हैदराबादच्या डेक्कन चार्जर्स संघाचे काही सामने नागपूरला हलवण्यात आले होते. सुरक्षेच्या चिंतेतून सामना विदर्भात आला, असे हे उदाहरण.

एवढा पहारा पाहून आसपासच्या गावांत सहसा एकच तर्क चालतो : इतके पोलीस आले म्हणजे काहीतरी खबर असलीच पाहिजे. बंदोबस्त हाच धोक्याचा पुरावा ठरतो. तपासणीसाठी थांबवलेली गाडी ‘पकडलेली’ होते, बेवारस डबा ‘सापडलेला बॉम्ब’ होतो, आणि सामना सुरळीत संपला तर सरकारने प्रकरण दाबले असे म्हटले जाते. यात लोकांचा भोळेपणा पाहणे अन्यायाचे ठरेल. नियंत्रण कक्षात काय ठरले हे गावाला कोणी सांगत नाही; दिसते ती फक्त लाठी आणि अडवलेली वाट. अफवा पसरवणे हा पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०५ प्रमाणे गुन्हा होता, २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ प्रमाणे आहे. पण वेळेवर दिलेल्या खऱ्या माहितीची जागा कलम घेऊ शकत नाही. अनोळखी माणसावर संशय घेण्याची किंमत तर फार भयंकर असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून भटक्या जमातीच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. अटलांटा ऑलिंपिकमध्ये २७ जुलै १९९६ रोजी स्फोट झाला तेव्हा ज्या सुरक्षारक्षकाने बेवारस पिशवी ओळखून लोकांना दूर केले, त्याच्यावरच पुढे सुमारे तीन महिने संशय राहिला. पिशवी दिसली तरी ठाण्यात सांगायला नको, ही खेड्यातील वृत्ती याच धाकातून येते. म्हणून खबर देणाऱ्याला सन्मानाने वागवणे हा बंदोबस्ताचाच भाग समजला पाहिजे.

विदर्भात गर्दीत माणसे खरोखर कशाने दगावली, हे पाहिले तर चित्र निराळे दिसते. नोव्हेंबर १९९५ मध्ये नागपूरच्या जुन्या मैदानावर भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामना चालू असताना प्रेक्षागृहाची भिंत कोसळून प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्यात घातपात नव्हता. त्याच्या एक वर्ष आधी, २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधानभवनाजवळ गोवारी समाजाच्या मोर्चात पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण गेले. त्यांत बायका व लेकरे मोठ्या संख्येने होती, आणि मोर्चेकरी बहुतांशी खेड्यांतून आलेले. तो सामना नव्हता, तरी गर्दी बंदोबस्ताच्या कड्यात कोंडली की काय होते हे विदर्भाने तेथे पाहिले, म्हणून या नोंदीत त्याचा उल्लेख टाळता येत नाही. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाचा दाखलाही बोलका आहे. १७ एप्रिल २०१० रोजी आयपीएल सामन्याआधी तेथे कमी तीव्रतेचे स्फोट झाले. काही जण जखमी झाले, मृत्यू कोणाचा झाला नाही. त्याच मैदानाबाहेर ४ जून २०२५ रोजी विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जण चेंगरून मेले. पहारा बाहेरून येणाऱ्या शत्रूकडे तोंड करून उभा असतो आणि आतल्या दाराची रुंदी, जिन्याचा कठडा, बंद फाटक हे तपासायचे राहून जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते सामन्याच्या बंदोबस्तात पहिला मान यांनाच हवा.

कारस्थानाच्या कल्पनांपैकी सर्वांत टिकाऊ म्हणजे ‘सामना फिक्स होता’ ही, आणि नागपूरच्या बाबतीत तिला एक खरा आधार आहे. १९ मार्च २००० रोजी जुन्या मैदानावर भारत-दक्षिण आफ्रिका एकदिवसीय सामना झाला. आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने हर्शेल गिब्जला २० पेक्षा कमी धावा काढण्यासाठी आणि गोलंदाज हेन्री विल्यम्सला ५० हून अधिक धावा देण्यासाठी प्रत्येकी १५ हजार डॉलर देऊ केले होते. प्रत्यक्षात गिब्जने ७४ धावा केल्या, विल्यम्स जखमी होऊन दोन षटकेही पूर्ण करू शकला नाही आणि आफ्रिका जिंकली. एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी प्रकरण उघड केले, दक्षिण आफ्रिकेने चौकशीसाठी नेमलेल्या किंग आयोगापुढे कबुल्या झाल्या, गिब्ज व विल्यम्स यांना सहा महिन्यांची बंदी झाली. म्हणजे कट होता, पण ठरल्याप्रमाणे घडले नाही. हे दोन्ही भाग एकत्र सांगितले जात नाहीत; गावात उरतो तो फक्त पहिला. विदर्भातील लहान शहरांत लगवाडी-खायवाडीचा (सामन्यावर पैसे लावण्याचा व लावलेले घेण्याचा) सट्टा मुरलेला असल्यामुळे पैसे हरलेल्याला हीच कथा सोयीची वाटते.

यजमानाने खेळपट्टी आपल्या सोयीची करून घेतली, या कल्पना याच जातीच्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये जामठ्याची कसोटी तीन दिवसांत संपली आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ ठरवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियन माध्यमांनी ठरावीक भागालाच पाणी दिल्याचा आरोप केला, त्या वेळी शेरा ‘सरासरी’ असा आला.

शंकरपटाचा बंदोबस्त वेगळ्या कारणांनी कडक झाला. विदर्भात अनेक ठिकाणी जोडी एकेकटी दाणीवर (धावपट्टीवर) धावते आणि तिला लागलेले सेकंद मोजतात. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अशा शर्यती थांबल्या, राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. बंदीच्या वर्षांत एक कथा गावोगाव फिरली : देशी बैल संपवून विदेशी संकरित जनावरे विकण्यासाठी परदेशी कंपन्यांनी ही बंदी आणली. तमिळनाडूतील जलिकट्टू या बैलांच्या खेळाच्या आंदोलनातही ती होती. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा मूळ कायदा भारतीय संसदेचा, १९६० चा आहे आणि २०१४ चा निकालही त्याच्याच आधारे दिलेला आहे, त्यामुळे ही कथा टिकत नाही. मात्र ट्रॅक्टरने बैल मागे पडले, खोंड पोसणे परवडेना, हे शेतकऱ्याचे दुःख तिच्यात आहे आणि ते खरे आहे. आज पटाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी व पोलीस लागतात. बैलाला टोचणी किंवा विजेचा झटका दिल्याचे आरोप होतात तेव्हा भांडण धुरकऱ्यांतच (जोडी हाकणाऱ्यांतच) पेटते. भंडारा-गोंदियाकडे पटाच्या रात्री झाडीपट्टीचे नाटक असते, त्यामुळे तेथला बंदोबस्त पहाटेपर्यंत चालतो.

गडचिरोलीत घातपाताची भीती ऐकीव नव्हती. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा व लाहेरी येथे पोलिसांवर मोठे माओवादी हल्ले झाले. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस व त्यांचा वाहनचालक मारले गेले. जिल्हा पोलीस दल वीर बाबूराव शेडमाके यांच्या नावाने व्हॉलीबॉल आणि बिरसा मुंडा यांच्या नावाने कबड्डी स्पर्धा भरवते. पोलिसांच्या मैदानावर खेळायला जाणारा तरुण ‘खबऱ्या’ ठरण्याची धास्ती अनेक गावांनी सोसली आहे. माओवाद्यांच्या २८ जुलै ते ३ ऑगस्टच्या शहीद सप्ताहात आणि २ ते ८ डिसेंबरच्या सप्ताहात पहारा वाढवला जातो. येथे बंदोबस्त म्हणजे आधी रस्ता तपासणे, मोऱ्या व पूल पायी चालत पाहणे. आणि संघ आपापल्या गावी पोहोचेपर्यंत तो उठत नाही.