वैद्यकीय प्रयोगनीती (कोकण किनारा)

नवे औषध, लस किंवा उपचार पारखण्यासाठी प्राण्यांवर आणि माणसांवर प्रयोग करावे लागतात. ते कोणत्या अटींवर करायचे आणि कुठे थांबवायचे, याचा विचार म्हणजे वैद्यकीय प्रयोगनीती. कोकणपट्टीत हा विचार पुस्तकी राहिलेला नाही. प्लेगची लस मुंबईत तयार झाली आणि विंचूदंशावरचा उपचार महाडला उभा राहिला. या दोन्हींच्या मागे ससे, घोडे, उंदीर, तुरुंगातले कैदी आणि भातशेतीत राबणारी माणसे आहेत.

विंचूदंश आणि महाड. कोकणातला तांबडा विंचू दगडांच्या बांधात, लाकूडफाट्यात, पेंढ्यात लपतो. त्याच्या विषाने मज्जातंतूंतले सोडियमचे मार्ग उघडे राहतात आणि ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात उसळतात. दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, उलट्या होतात. पुढे हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. गावोगावी विंचू उतरवणारे असत. साध्या विंचवाची कळ तशीही काही तासांनी ओसरते, म्हणून त्यांच्यावरचा विश्वास टिकून राहिला. तांबड्या विंचवाने मात्र मुले दगावत.

डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णांच्या उशाशी बसून केलेली त्यांची निरीक्षणे 1982 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आली. रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी या विषाच्या परिणामांना रोखते, हे त्यांनी 1986 मध्ये त्याच नियतकालिकात मांडले. गंभीर रुग्णांतील मृत्यू सुमारे 30 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आले.

प्रयोगनीतीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की प्राझोसिन सुरू झाले तेव्हा निम्म्या रुग्णांना औषध आणि निम्म्यांना नुसती पिठाची गोळी, अशी तुलना झाली नाही. समोर घामाने थबथबलेले मूल असताना अशी तुलना करणे कोणत्याही डॉक्टरला समर्थनीय ठरले नसते, आणि ती झाली नाही हे योग्यच झाले. त्याची किंमतही होती. मृत्यू घटले त्यात गोळीचा वाटा किती आणि रुग्ण लवकर दवाखान्यात पोचू लागले याचा किती, हे काटेकोरपणे वेगळे काढता येत नाही.

पुढे तांबड्या विंचवाचे प्रतिविष, म्हणजे विष निष्प्रभ करणारे औषध, आले तेव्हा प्रश्न बदलला. प्राझोसिन हाताशी होते. त्याला प्रतिविषाची जोड दिल्याने खरोखर फरक पडतो का, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अशा खऱ्या अनिश्चिततेतच चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडणे नीतीला धरून असते. महाडच्या या चाचणीत 70 रुग्ण होते. दोन्ही गटांना प्राझोसिन मिळाले, एका गटाला त्याबरोबर प्रतिविषही. निष्कर्ष 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले: दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण प्रतिविषाच्या गटात 35 पैकी 32, तर नुसत्या प्राझोसिनच्या गटात 35 पैकी 8. ज्यांच्या वाट्याला प्रतिविष आले नाही त्यांनाही त्या काळचा प्रस्थापित उपचार मिळाला होता. तालुक्याच्या गावी, मोठ्या संस्थेच्या पाठबळाविना केलेली ही चाचणी रचनेच्या दृष्टीने आदर्श म्हणावी अशी आहे.

घोडा आणि उंदीर. प्रतिविष घोड्याच्या रक्तातून मिळते. घोड्याला विषाचे थोडे थोडे वाढते डोस टोचतात, त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी द्रव्ये (प्रतिपिंडे) तयार झाली की रक्त काढून त्यातला रक्तद्रव वेगळा करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालणारे प्रतिविषही असेच बनते. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा सुळसुळाट इतका होता की इंग्रजी अमदानीत त्यांना मारण्यासाठी सरकार बक्षीस देत असे. तिथल्या माणसाला या बाटलीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. बाटलीची ताकद पांढऱ्या उंदरांवर तपासतात. भारतीय मानकानुसार 1 मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे 0.6 मिलिग्रॅम आणि फुरशाचे 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हायला हवे. विष आणि प्रतिविष एकत्र टोचून किती उंदीर जगले ते मोजतात, म्हणजे काही उंदीर मरणार हे धरूनच तपासणी मांडलेली असते. घोडा मरत नाही, पण वर्षानुवर्षे विष पचवतो. या प्राण्यांचे ऋण मान्य करायचे तर पहिली अट अशी की त्यांच्या वेदनेतून निघालेली बाटली आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये खरोखर असली पाहिजे. दंश झालेल्याला बाटलीअभावी तालुक्याहून जिल्ह्याला पाठवावे लागले, तर घोड्याचा आणि उंदराचा जीव कोणत्या हिशेबात धरायचा?

प्लेगच्या काळातील मुंबई. 1896 मध्ये मांडवी भागात प्लेग दिसला. जीवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्या प्रयोगशाळेत लस बनवली, सशांवर तपासली आणि 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथल्या सुमारे निम्म्या कैद्यांना लस दिली गेली. ते स्वेच्छेने पुढे आले, अशी नोंद आहे. लस उपयोगी ठरली. तरीही बाहेर प्लेग आणि आत कोठडी अशा अवस्थेतल्या माणसाच्या होकाराला आज कोणतीही नीतिसमिती सहज संमती म्हणणार नाही. संशोधकाने आधी स्वतःवर प्रयोग केला म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

1905 पासून परळला प्लेग आयोगाने छोटी कोठारे बांधून त्यांत गिनीपिग ठेवले. पिसूच्या उडीच्या टप्प्यात असलेले मरत, उंच टांगलेले वाचत. प्लेग पिसवांतून पसरतो याचा पुरावा अशा जनावरांच्या मरणातून पक्का झाला.

तपासणीविना ठेवलेला गट. 1998 मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील चाचणी सुरू केली. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी व्हिनेगरसारखे पातळ आम्ल लावून तपासणी होई. उरलेल्यांना आरोग्यशिक्षण मिळे, तपासणी नाही. तपासणीच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. देशात तेव्हा सार्वत्रिक तपासणीच नव्हती, त्यामुळे दुसऱ्या गटाचे काही हिरावले नाही, असा एक पक्ष. कर्करोग आधी ओळखता येतो हे माहीत असताना स्त्रियांना तपासणीविना मोजत राहणे गैर, असा दुसरा. या नोंदीच्या लेखकाला दुसरा पक्ष अधिक पटतो, कारण ‘तिथे तसेही काही मिळत नव्हते’ हा युक्तिवाद गरीब वस्तीपुरताच वापरला जातो.

कायदा. प्राण्यांसाठी 1960 चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि 1998 चे नियम लागू आहेत. पर्याय वापरा, संख्या घटवा, वेदना कमी करा ही 1959 मध्ये मांडलेली त्रिसूत्री जगभर मानली जाते. माणसांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे आणि नव्या औषधांच्या चाचण्यांचे 2019 चे नियम आहेत. या नियमांत 2023 मध्ये झालेल्या दुरुस्तीने पेशी-ऊतींवरील प्राणीविरहित चाचण्यांनाही वाट मोकळी झाली.

संमतीची भाषा. संमतीपत्र मराठीत असले म्हणजे समजते असे नाही. ‘यादृच्छिक वाटप’ हे शब्द पोलादपूरच्या शेतकऱ्याला परके आहेत. ‘कोणाला कोणते औषध ते चिठ्ठी टाकून ठरेल’ हे त्याला लगेच कळते. ‘डॉक्टर, तुम्ही सांगाल तसं’ हे उत्तर विश्वासाचे आहे, होकाराचे नाही. ते आल्यावर कागद पुढे न सरकवता पुन्हा सांगायला बसावे लागते. भट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर गावात नसतात, चाकरमान्यांच्या घरी मे महिना आणि गणपती सोडून म्हातारी माणसेच असतात. चाचणीतल्या माणसाला त्रास झाला तर तो कुठे आणि कोणाला सांगेल, हे अशा गावांत पहिली सुई टोचण्याआधी ठरवावे लागते.